उकळत्या पाण्याची गुप्त उष्णता

डहाणू व तलासरीच्या पाड्यांत जी बाई जंगलातून मोळी डोक्यावर वाहून आणते, तिला सरपणाचे मोल सांगावयास नको. तरीही भाताला उकळी फुटल्यावर चुलीत आणखी लाकडे सारण्याची चाल आम्ही पुष्कळ घरी पाहतो. जाळ मोठा केला म्हणजे पाणी अधिक तापेल व भात लवकर शिजेल, अशी समजूत त्यामागे असते. ती खरी आहे काय?

आपल्या ह्या समुद्रकाठच्या प्रदेशात उघड्या भांड्यातील पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. एकदा उकळी आली, म्हणजे जाळ कितीही वाढविला तरी पाणी त्याहून अधिक तापत नाही. मग ती उष्णता जाते कोठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. उष्णतामापकात ती दिसत नाही, म्हणून तिला गुप्त उष्णता म्हणतात. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक ह्या विद्वानाने इ. स. १७६१-६२ च्या सुमारास ही गोष्ट प्रयोगाने दाखविली.

३० अंशांचे एक किलो पाणी उकळीस आणण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु त्या सर्वांची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४०, म्हणजे पावणेआठपट लागते. तेव्हा उकळी आल्यावर घातलेली जादा लाकडे भात शिजवीत नाहीत, ती केवळ वाफ उडवितात. म्हणून उकळी येताच लाकडे मागे ओढावी, मंद उकळी राहील इतकाच जाळ ठेवावा व भांड्यावर झाकण घालावे. पिण्याचे पाणीही खळखळून एक मिनिट उकळले म्हणजे पुरे.

ही गुप्त उष्णता नाहीशी होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी होताना ती सर्व बाहेर पडते. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रात काम झालेल्या वाफेची हीच उष्णता काढून नेण्यास समुद्राचे पाणी वापरतात. तीच वाफ हातावर थिजली, तर उकळत्या पाण्याहूनही अधिक भाजते. ह्याकरिता झाकण उचलताना ते आपल्यापासून दूरच्या बाजूने उघडावे, आणि लेकरांना चुलीपासून दूर ठेवावे. भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे गार पाणी वाहू द्यावे. तेल वा शाई लावू नये, आणि भाजणे मोठे असल्यास दवाखान्यात न्यावे.

वाचकहो, आज सायंकाळी उकळी येताच एक लाकूड मागे ओढून पाहा. भात शिजेलच, आणि ते लाकूड उद्याच्या चुलीस उरेल.