नाकतोडा आणि टोळ : एक शब्दपाठ

ठाणें जिल्ह्यांतील वांगणी येथें भाद्रपदांत भातखाचरांच्या बांधावरून चालूं लागलें कीं पायापुढून हिरवे नाकतोडे उडतात. हा कीटक तेथील शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. परंतु शास्त्रवाचनांत ‘टोळ’ हा शब्द आला म्हणजे कित्येक ऐकणारे याच कीटकाचें चित्र डोळ्यांपुढें आणितात, आणि वचनाचा अर्थ निसटतो. म्हणून शिकविणाऱ्यांनीं या दोन शब्दांतील भेद नीट समजून घ्यावा.

नाकतोडा बहुधा आपल्याच शिवारांत जन्मतो व तेथेंच मरतो. भातावरील नाकतोड्याची मादी पावसाळ्याच्या अखेरीस बांधाच्या मातींत अंडीं घालते. तीं पुढील पावसाळ्याच्या आरंभीं फुटतात. यास्तव उन्हाळ्यांत बांधांच्या कडा छाटून अंडीं उघडीं पाडावीं, म्हणजे ऊन व पक्षी त्यांचा नाश करितात. टोळ हाही त्याच कुळांतला. परंतु पोषक पाऊस पडून त्याची संख्या वाढली कीं त्याचा रंग व स्वभाव पालटतो, आणि थवे करून तो देशोदेशीं जातो. एका चौरस किलोमीटरच्या थव्यांत ४ ते ८ कोटी टोळ असूं शकतात. मे २०२० मध्यें अशी धाड विदर्भांत अमरावती व नागपूर जिल्ह्यांवर आली होती.

आतां वचनें पाहूं. शास्ते ६:५ मध्यें मिद्यानी लोकांस जी उपमा दिली आहे, तेथें मूळ इब्री शब्द ‘अर्बे’, म्हणजे टोळ, अर्थ संख्येचा. गणना १३:३३ मध्यें हेर आपणांस ज्याची उपमा देतात तो शब्द ‘हागाब’, अर्थ लहानपणाचा. तेथें टोळधाडीचें चित्र उभें केलें, तर भ्यालेल्या हेरांच्या तोंडीं पराक्रमाची भाषा येईल! तथापि २ इतिहास ७:१३ मध्यें तोच ‘हागाब’ देश खाऊन टाकितो. यावरून शब्द एकटा घेऊं नये. मागचें पुढचें पाहून अर्थ ठरवावा.

हेरांच्या बोलण्याचा क्रमही ध्यानांत धरावा. ते आधीं स्वतःच्या दृष्टीनें नाकतोडे झाले. मग अनाकवंशीयांच्या दृष्टीनेंही आपण तसेच होतों, असें त्यांनीं सांगितलें. ज्यांस गांवानें पिढ्यानपिढ्या लहान म्हटलें, त्यांनीं हा क्रम विसरूं नये.

पाठ घेतेवेळीं वरील तिन्ही वचनें वाचून प्रत्येक ठिकाणीं मंडळीस विचारावें : येथें लहानपणा सांगितला आहे, संख्या कीं नाश?