पूर्वजांचा शोध

आपल्यापैकी बहुतेकांना आपल्या आजोबांचे नाव ठाऊक असते. पणजोबांचे नाव विचारले, तर थोडा वेळ आठवावे लागते. पणजीचे नाव विचारले, तर मात्र पुष्कळांना मान खाली घालावी लागते. राजघराण्यांच्या वंशावळी आपण इतिहासाच्या पुस्तकातून पाठ करतो. पण ज्यांच्या कष्टांवर आपले घर उभे राहिले, त्यांची नावे तीन-चार पिढ्यांतच विस्मृतीत जातात. ती शोधून काढणे हा मोठा आनंददायी छंद आहे. त्याकरिता फार विद्वत्ता लागत नाही. चिकाटी, सत्याची आवड आणि वडीलधाऱ्यांविषयी आदर एवढे भांडवल पुरते.

शोधाचा आरंभ घरापासूनच करावा. आजीजवळ बसून तिचे माहेर कोणते, तिच्या आईचे नाव काय, लग्नानंतर ती या घरी केव्हा आली, हे विचारावे. तिला साल आठवत नसेल, तर ती गोष्ट १९६१ च्या पानशेतच्या पुराआधीची की नंतरची, १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होते, १९७२ च्या दुष्काळात काय खाल्ले, असे विचारावे. मोठ्या घटनेचा आधार मिळाला, की लहान घटना आपोआप आठवू लागतात. नंतर माळ्यावरची तांब्यापितळेची जुनी भांडी खाली काढावी. लग्नात आहेर आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव व तारीख कोरण्याची रीत होती. देवघरातील कुलदैवताचे मूळ ठाणे कोठे आहे, आडनावाच्या शेवटी ‘कर’ असेल तर त्याआधीचे गाव कोणते, याचाही विचार करावा. घराणे कोठून कोठे गेले, याच्या खुणा अशा ठिकाणी सापडतात.

घराबाहेरही या ज्ञानाचे रक्षक होते व काही ठिकाणी आजही आहेत. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी नावाचे लोक सुगीच्या सुमारास गावोगाव फिरत. बैलावर बसून ते शेतकऱ्याच्या दारात येत आणि त्याच्या घराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून म्हणून दाखवीत. वर्षभरात जन्मलेल्या मुलांची नावे तीत जोडून घेत आणि धान्याची बिदागी घेऊन पुढच्या गावी जात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी अशा क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच उपयोगी आहेत. यात्रेस आलेला मनुष्य आपले नाव, गाव व वाडवडिलांची नावे त्यांत लिहून सही करी. आपल्या खापरपणजोबांच्या हातची सही त्या जीर्ण पानावर दिसली, म्हणजे कोणाचेही मन भरून येईल.

सरकारी दप्तर हा तिसरा आधार. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि कोणते शेत कोणाच्या नावे आहे, याची नोंद होऊ लागली. खातेदार वारला म्हणजे त्याच्या वारसांची नावे फेरफाराच्या वहीत चढतात. म्हणून तलाठ्याच्या दप्तरातील एका पानावर कधी कधी दोन पिढ्या एकत्र भेटतात. जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळेचे जुने दाखले यांचाही असाच उपयोग होतो.

जुने कागद वाचावयाचे, तर मोडी लिपी शिकावी लागते. हात न उचलता भरभर लिहिता येणारी ही लिपी शतकानुशतके मराठी कारभारात चालली. कालगणनाही समजून घ्यावी लागते. शालिवाहन शकात ७८ मिळविले, की साधारणपणे इसवी सन येतो. पेशवेकालीन पत्रांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे ५, ५०, १०० आणि १००० मिळून सन ११५५. म्हणजे इसवी सन १७५४-५५. कोडे सुटावे तसा हा अर्थ उलगडतो, आणि शोधकाला त्याचे श्रम सार्थकी लागल्यासारखे वाटतात.

असे कागद वाचविण्याकरिता इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपले आयुष्य वेचले. गावोगाव हिंडून लोकांच्या घरी कुजत पडलेली दप्तरे त्यांनी मिळविली. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. एका घरातील रुमालात बांधलेले कागद साऱ्या देशाच्या इतिहासावर प्रकाश पाडू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

हा शोध केवळ कौतुकाचा विषय नाही. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशस बेटावर गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या नावागावांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. लेखनिकाने कानाला जसे ऐकू आले तसे गावाचे नाव लिहिले. तरी त्या मोडक्या शब्दावरून कित्येकांचे वंशज मूळ गावाचा माग काढतात. ज्याचा समुद्राने सर्वस्वी वियोग घडविला, त्याला एक ओळ पुन्हा घराशी जोडते.

मात्र येथे एक पथ्य पाळले पाहिजे. आपले पूर्वज मोठे सरदारच असावेत, असा हट्ट धरू नये. घराण्याचा मोठेपणा वाढविण्यासाठी वा वतनाच्या लोभाने रचलेल्या खोट्या वंशावळीही पुष्कळ आहेत. म्हणून ऐकलेली गोष्ट कागदाशी ताडून पाहावी, आणि कागद दुसऱ्या कागदाशी. पूर्वज कर्जबाजारी निघाला, गाव सोडून पळालेला निघाला, तरी तसेच लिहावे. दुष्काळात गाव सोडून मुलांना जगविणाऱ्या बापाची थोरवी किल्ला लढविणाऱ्याहून कमी नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. लेकी सासरी गेल्या, म्हणून गळाल्या. सुना आल्या, पण कोणाच्या लेकी ते कोणी लिहिले नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने लेकींना वारसहक्क मिळाल्यावर त्यांची नावे वारसनोंदीत दिसू लागली. पण त्यापूर्वीच्या असंख्य स्त्रियांची नावे केवळ वृद्धांच्या स्मरणात उरली आहेत. ती स्मरणे मावळण्यापूर्वी टिपून घेणे आपल्याच हाती आहे.

आणि हिशेब केला, तर आणखी एक सत्य कळते. आपले आईवडील दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईवडील आठ. याप्रमाणे दहाव्या पिढीत १०२४ नावे होतात. त्यांपैकी आडनाव आपल्याला एकाचेच मिळाले. बाकीची सारी नाती इतर घराण्यांतून, इतर गावांतून आली आहेत. ज्याला परके म्हणावे, त्याच्या वंशावळीशी आपली वंशावळ कोठे ना कोठे मिळण्याचा संभव असतो. घराण्याचा शोध घेता घेता घराण्याचा गर्व गळून पडतो आणि आपलेपणा विस्तारतो, हाच या अभ्यासाचा खरा लाभ होय.

स्वाध्याय

१. घरातील कोणकोणत्या वस्तूंवरून पूर्वजांची माहिती मिळू शकते?
२. हेळवी लोक वंशावळ कशी जतन करीत?
३. ‘कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. विस्मृतीत जाणे, मान खाली घालणे, सार्थकी लागणे, आयुष्य वेचणे : वाक्यांत उपयोग करा.
५. घरातील वडील मंडळींना विचारून आपल्या कुटुंबाच्या चार पिढ्यांची वंशावळ तयार करा. तीत स्त्रियांची नावे व त्यांची माहेरची गावे अवश्य लिहा.