कुलगुरूपदाची वाट वॉर्डातून जाते

तुमसरला बारावी सायन्सच्या पालकांशी बोलायला बसलं की विषय नीटचा स्कोअर आणि कट-ऑफ यांच्यापुढे सरकत नाही. मध्येच एखादी मुलगी विचारते, "डॉक्टर होऊन पुढे आरोग्य विद्यापीठाचं कुलगुरू होता येतं का?" येतं. या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो, कारण तो विचारणारी मुलगी अ‍ॅडमिशनच्या पलीकडचं बघते आहे.

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. नागपूरचं मेडिकल, मेयो, गोंदियाचं शासकीय महाविद्यालय, शिवाय राज्यभरची आयुर्वेद, दंत, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपीची कॉलेजं त्याला संलग्न आहेत. परीक्षा, निकाल, संलग्नता हा सगळा कारभार तिथून चालतो. कुलगुरू नेमतात राज्यपाल, कुलपती या नात्याने.

२०२१ मध्ये या पदावर लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर आल्या. १९७८ मध्ये त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) प्रवेश घेतला, १९८२ मध्ये लष्करी सेवेत रुजू झाल्या. आधी बालरोग, मग दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या मूत्रपिंडविकारांचं प्रशिक्षण. पुढे एएफएमसीच्या अधिष्ठाता झाल्या. २०२० मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या; सैन्यदलांत थ्री-स्टार दर्जा मिळवणाऱ्या त्या देशातल्या तिसऱ्या महिला.

यातला मधला काळ नीट बघा. नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा विकार झालेलं मूल सकाळी डोळे सुजलेलं उठतं, लघवीतून प्रथिनं जातात. औषध लिहून काम संपत नाही. पट्टी लघवीत बुडवून रंग कसा पाहायचा, तो रोज वहीत कसा टिपायचा, कोणत्या दिवशी दवाखान्यात धावायचं, हे आईला शिकवावं लागतं. तेच शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही शिकवायचं. ज्याला हे शिकवणं कंटाळवाणं वाटतं, त्याने या वाटेला जाऊ नये. त्याने चांगली प्रॅक्टिस करावी, त्यात काहीच कमीपणा नाही.

इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी किंवा एमएस तीन, मग सिनिअर रेसिडेन्सी. त्यानंतर सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता. पन्नाशी सहज उलटते. या काळात खासगी दवाखाना टाकलेला वर्गमित्र जास्त कमावतो, हे पालकांनी आधीच मनाशी धरावं. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या संशोधनाला विषय मात्र आपल्या दारात आहे: पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण गावोगाव सापडतात.

एएफएमसीकडे आपली मुलं फारशी वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. नीटनंतर त्यासाठी वेगळी नोंदणी, पुण्याला चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. शिक्षण शुल्क नाही. पदवीनंतर लष्करात सेवेचं बंधन आहे. पुण्याला जायचं नसेल, तर भंडाऱ्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, त्यामुळे आपल्या भंडारा जिल्ह्यातच शिकायची सोय झाली.

एमबीबीएसची सीट हुकली म्हणून ड्रॉपवर ड्रॉप घेऊ नका. नर्सिंग, आयुर्वेद, फिजिओथेरपीतही प्राध्यापक आणि प्राचार्य लागतात. मुलाला अभ्यास करताना दुसऱ्याला समजावून सांगायला आवडतं का, एवढं या आठवड्यात घरी बसून त्यालाच विचारा. कॉलेजांचा पसंतीक्रम त्यानंतर भरा.