ब्रेक आधी की बॅटरी? थोडा हिशेब



गाडीची बॅटरी गेली की दुसऱ्याच दिवशी नवी येते, कारण गाडी सुरूच होत नाही. ब्रेक झिजले तरी गाडी धावत राहते, म्हणून तो खर्च ‘पुढच्या महिन्यावर’ जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

गणित मांडू. दर गाडीगणिक वेगळे असतात, म्हणून या रकमा उदाहरणादाखल धराव्यात. ४,५०० रुपयांची बॅटरी ३ वर्षे चालली, तर दिवसाला सुमारे ४ रुपये पडतात. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड २,००० रुपयांचे असून ३०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ७ पैशांहूनही कमी. पण पॅड पूर्ण झिजले की त्यांची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते आणि डिस्कही बदलावी लागते. मग तेच काम दुप्पट-तिप्पट रकमेचे होते. पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत. एकाच बाजूचे बदलले, तर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढते.

आता विज्ञान. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १० मीटरमध्ये थांबत असेल, तर ६० च्या वेगाला साडेबावीस मीटर लागतात. ब्रेकची ताकद निम्मी झाली, तर ४५. कापसाच्या हंगामात आदिलाबाद रस्त्यावर बैलगाडी ४५ मीटर पुढे असेलच असे नाही! नववी-दहावीच्या मुलांनी ८० च्या वेगाचे उत्तर स्वतः काढावे.

बॅटरीचे आयुष्य आपल्याकडचे ऊन खाते, म्हणून गाडी सावलीत ठेवावी. नवी घेण्याआधी टर्मिनलवरचा पांढरा थर काढून पाहावा. सीलबंद नसेल तर डिस्टिल्ड पाणी तपासावे. बंद गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या आसपास गेला नाही, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरीही तशीच उतरेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील व गाडीच्या बॅटरीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना पाहावे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये, आत शिसे व आम्ल असते. ती दुकानदारालाच परत द्यावी व तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.