हगवणीत पाणी तोडू नका



पहिला पाऊस पडला, की नाल्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि घरोघर हगवण सुरू होते. मग घरातले कोणीतरी सांगते, "पोराला पाणी देऊ नका, अजून लागेल." हा समज मोडलाच पाहिजे. हगवणीत माणूस दगावतो तो बहुधा अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. तान्हे मूल तर एका दिवसातही सुकून जाते.

नुसते पाणी मात्र पुरत नाही. इथे साखर कामी येते. आतड्यात साखर शोषली जाते तेव्हा तिच्या जोडीने मीठही आत जाते आणि त्यामागे पाणी. जुलाब चालू असतानाही हे काम बहुधा बंद पडत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. शंभरामागे तीसेक दगावत होते, तिथे त्यांच्या रुग्णांत हे प्रमाण चाराच्या आत आले. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून काम उभे केले. तिथे गावच्या साध्या बायांनी असेच साखर-मिठाचे पाणी घरोघरी शिकवले.

दवाखान्यातली ओआरएसची पुडी सर्वांत बरी. किती पाण्यात घालायची ते पुडीवर वाचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आपण ऊसवाले, साखरेला हात सैल; पण इथे आवरा. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर लेकराला धोका. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे.

दर जुलाबामागे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, थोरांना मागतील तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे.

उपास घडवू नका. अंगावरचे दूध चालू ठेवा. भाताची पेज, मुगाची मऊ खिचडी, ताकात कुस्करलेली भाकरी, पिकलेले केळे चालते. शेवभाजी आणि ठेचा कुठे पळून जात नाहीत. मुलांना जुलाब थांबवायची गोळी दुकानातून आणून देऊ नये. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्याव्यात व जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही, पोर गळून पडलेले किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, यांपैकी एकही दिसले तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा, आणि मूल शुद्धीवर असेल तर वाटेतही घोट घोट पाजत राहा.