अल्ब्युमिन : अंड्यातील आणि रक्तातील

शोथाच्या रुग्णाच्या तपासणीपत्रात 'सीरम अल्ब्युमिन २.१' असा आकडा दिसला की घरातील मंडळी अंड्यातील पांढरा भाग सुरू करतात. जी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या अंड्यास शिवली नाहीत, तीही नाइलाजाने हा मार्ग पत्करतात. औषधालयातून प्रथिनांच्या भुकटीचा डबाही सोबत जातो. अंड्यात अल्ब्युमिन आहे आणि रक्तात ते कमी झाले आहे, तेव्हा एकाने दुसरे भरून निघेल, हे तर्कशास्त्र सोपे असले तरी चुकीचे आहे.

'अल्ब्युमिन' हे नाव पांढरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून पाण्यात विरघळणाऱ्या व उष्णतेने साकळणाऱ्या अनेक प्रथिनांना ते दिले गेले. अंड्यातील मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन हे ३८५ अमिनो आम्लांचे, तर मानवी रक्तातील अल्ब्युमिन ५८५ अमिनो आम्लांचे आहे. दोहोंची कुळेही निराळी. शिवाय खाल्लेले ओव्हाल्ब्युमिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. जठर व आंत्रात त्याचे अमिनो आम्लांत विघटन होते, म्हणजे डाळ, दूध वा मांस यांतील प्रथिनांचे जे होते तेच. पांढरा भाग कच्चा घेणे तर अधिकच अयोग्य. शिजवल्याने त्याची पचनीयता पुष्कळ वाढते, आणि कच्च्यातील अ‍ॅव्हिडिन हे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वास बांधून ठेवते.

रक्तातील अल्ब्युमिन केवळ यकृतात तयार होते, प्रौढात दररोज सुमारे १० ते १५ ग्रॅम. प्राकृत प्रमाण साधारणतः ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्तवाहिन्यांत जलांश धरून ठेवण्याचे कार्य मुख्यत्वे त्याचेच असल्याने ते फार घटले की शोथ दिसतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे तीन आठवडे आहे. म्हणून आठवडाभराच्या पथ्याने आकडा वाढला किंवा घटला, यावरून आहाराची परीक्षा करू नये. ज्वर, शस्त्रकर्म वा जंतुसंसर्ग यांतही आकडा उतरतो. तेव्हा त्याला कुपोषणाचे माप मानण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे.

चिकित्सकाने विचारावयाचा प्रश्न म्हणून एकच : अल्ब्युमिन गेले कोठे? यकृत ते तयार करू शकत नाही, की वृक्कातून ते वाहून जात आहे, की आंत्रातून? सिरोसिसच्या रुग्णात उदर पुढे येते, हातपाय कृश होतात. त्याचा प्रथिनाहार तोडणे हानिकारक ठरते, त्याला शरीरभाराच्या दर किलोस १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन द्यावे असे आजचे मत आहे. नेफ्रोटिक विकारात सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, मूत्र फेसाळ होते. तेथे दर किलोस ०.८ ते १ ग्रॅम एवढेच पुरे, अधिक दिलेले वृक्कांवर भार टाकून मूत्रावाटे गळते. हृद्रोगजन्य शोथात पायांवर सूज असूनही अल्ब्युमिन बहुधा प्राकृत असते. लवणवर्जन मात्र तिन्ही ठिकाणी लागू, आणि ते आपल्या शोथचिकित्सेत पूर्वीपासून आहेच.

फेसाळ मूत्र म्हटले की सुश्रुतोक्त फेनमेहाची आठवण होते, तर कोणी चरकातील आलालमेहाकडे बोट दाखवितात. ही तुलना अभ्यासास उद्बोधक आहे. परंतु नावे जुळवून निदान झाले असे समजू नये. अल्ब्युमिनला ओज म्हणण्याचा मोहही आवरावा, ग्रंथातील ओजाची व्याप्ती एका प्रथिनात मावणारी नाही.

अंडे आणि रक्त यांचे खरे साम्य परीक्षानळीत दिसते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये शोथ, उष्णतेने साकळणारे मूत्र आणि विकृत वृक्क यांचा संबंध प्रसिद्ध केला. चमच्यात मूत्र घेऊन ते मेणबत्तीवर तापवीत. आजही खेड्यातील दवाखान्यात हे करता येते. नळी पाऊणभर भरून वरचा भाग तापवावा. गढूळपणा आल्यास सौम्य असेटिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. तो नाहीसा झाला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिन. पट्टीची परीक्षा याहून सोयीची, पण मूत्र फार दाट असता ती फसवी ठरते; शंका असल्यास मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढावे. शोथाच्या प्रत्येक रुग्णात हे पहिल्याच भेटीत व्हावे, असे माझे आग्रही मत आहे. कारण पुनर्नवादी क्वाथाने मूत्रप्रवृत्ती वाढून सूज ओसरते, रुग्ण समाधानी होतो, आणि वृक्कातील गळती तशीच चालू राहू शकते.

आता आपल्या पेठेतील एक अप्रिय विषय. पाऱ्यामुळे वृक्काच्या गाळणीस इजा होऊन मूत्रातून प्रथिन जाते, हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. २०२२ पासून दक्षिण भारतातील वृक्कतज्ज्ञांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथीच्या 'नेल-१' या प्रकाराचा संबंध पारदयुक्त देशी औषधांशी व त्वचा गोरी करणाऱ्या क्रीमशी दाखविला आहे, आणि अनेक रुग्णांत ते बंद केल्यावर प्रथिन कमी झाल्याचेही नोंदविले आहे. हा शास्त्रावरील आक्षेप म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. तसे करू नये. शोथाच्या रुग्णास पूर्वीची सर्व औषधे, पुड्या, क्रीम यांसह विचारावे. अल्ब्युमिन मूत्रातून जात असताना पारदकल्प देऊ नयेत आणि इतर दीर्घकाळ चालणाऱ्या पारदकल्पांत दर काही महिन्यांनी मूत्रपरीक्षा करावी. औषधालयचालकांनी पारद, हिंगुल, हरताल इत्यादी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापली आहे की नाही हे तपासावे व असे कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत. लेबलाविना आलेली पुडी तर दुकानात ठेवूच नये.

शिरेतून दिले जाणारे अल्ब्युमिन दात्यांच्या रक्तरसापासून बनते. १०० मिलिलिटरच्या २० टक्के बाटलीत ते २० ग्रॅम असते. उदरातील मोठ्या प्रमाणातील जल काढताना त्याचा उपयोग आहे, पण ते पोषण नव्हे. नेफ्रोटिक रुग्णात दिलेले थोड्याच दिवसांत मूत्रावाटे निघून जाते. वॉरफरिन आणि फेनिटॉइन ही औषधे रक्तात अल्ब्युमिनला बांधलेली असतात. ते घटले असता त्यांचा मुक्त अंश वाढू शकतो. अशा रुग्णास कोणताही नवा कल्प देण्यापूर्वी त्याच्या मूळ चिकित्सकाशी बोलून घ्यावे.