मुलाखतीआधी कंपनीला फोन करावा का?

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. आधी फोन करून शंका विचारल्या, तर नाव कटते का?

उत्तर : अजिबात नाही. नेमके विचारणारा उमेदवार तयारीचा वाटतो.

पहिली शंका पत्त्याची. चिंचोळी एमआयडीसी सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात. तर अक्कलकोट रोड एमआयडीसी सोलापूर शहराच्या दुसऱ्या टोकाला. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या कंपनीचे कारखाने दोन्हीकडे आहेत. चुकीच्या गेटवर पोचलेल्याची वेळ हमखास हुकते. त्यामुळे युनिट, गेट आणि कोणाला भेटायचे, हे आधीच विचारावे. मूळ कागदपत्रे, लेखी किंवा मशीनवरची चाचणी, नोकरी थेट कंपनीत की ठेकेदारामार्फत, रात्रपाळी आणि बसची सोय हेही विचारण्यात गैर काही नाही.

फोन एकदाच, कामाच्या वेळेत करावा. बोलावणे ई-मेलने आले असेल, तर त्यालाच उत्तर द्यावे : ‘नमस्कार, फिटर पदाच्या मुलाखतीसाठी मी येत आहे. चिंचोळीच्या कोणत्या गेटवर यावे आणि कोणती मूळ कागदपत्रे आणावीत, कृपया कळवावे.’ खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. एवढे पुरे.

पगाराची घासाघीस, सुट्ट्या, बढती हे विषय मात्र समोरासमोर बसल्यावरच काढावेत. निवड झाल्यावर नियुक्तिपत्र लेखी मागावे.

मुलाखतीसाठी कोणी ‘डिपॉझिट’ मागितले, तर एक रुपयाही देऊ नये. कंपनीच्या संकेतस्थळावरील नंबरवर फोन करून बोलावणे खरे आहे का, याची खात्री करावी.